हातातलं रामन यंत्र आणि खाणीतली पांढरी खनिजं: पडद्यावरच्या नावावर भरवसा किती ठेवायचा?

कातळवेडा
प्रश्न सरळ आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत जी पांढरी, बिनरंगी खनिजं निघतात (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी वगैरे), ती जागेवरच ७८५ नॅनोमीटर लेझरच्या हातातल्या रामन यंत्राने (लेझर टाकून विखुरलेल्या उजेडाचा आलेख, म्हणजे वर्णपट, काढणारं; त्यातली शिखरं म्हणजे पिकं) ओळखायची असतील, तर पडद्यावर उमटणाऱ्या नावावर कितपत विसंबावं?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. नावावर जवळपास शून्य, वर्णपटावर बरंच. ही यंत्रं मुळात औषधकंपन्या, कस्टमवाले आणि स्फोटकं हुडकणाऱ्यांसाठी घडवलेली. बऱ्याच यंत्रांच्या पोटातल्या यादीत झिओलाइट (स्टिल्बाइट, स्कोलेसाइटसारखी पाणी धरणारी सिलिकेटं) नसतातच. पण अनेकांना "माहीत नाही" म्हणायचीही लाज वाटते, त्यातल्या त्यात जवळचं नाव ठोकून देतात. कॅल्साइटचं मोठं पीक १०८६ ला आणि धुण्याच्या निर्जल सोड्याचं १०८० ला. यंत्राचं विभेदन, म्हणजे शेजारची पिकं वेगळी दाखवायची ताकद, ८ ते १० वेव्हनंबर. म्हणजे खाणीतल्या कॅल्साइटला यंत्राने सोडा म्हटलं तर नवल नाही.

(धाग्यातले पिकांचे आकडे वेव्हनंबरमध्ये, म्हणजे दर सेंटिमीटरला किती लाटा या मापात, लेझरपासूनचं सरकणं. लेझरचे ५३२, ७८५, १०६४ मात्र नॅनोमीटरमध्ये.)

मुरूम
वाचतोय. यंदा पाऊस कमी, तरी पीक १०८६ ला आलंय म्हणजे बरंच म्हणायचं.

भिंगवाली
मत पटलं, पण अर्धंच. यादीत नसलेलं खनिज ओळखता येत नाही हा यंत्राचा दोष नाही, यादी भरली नाही हा आपला आळस आहे. बहुतेक यंत्रांत स्वतःची यादी भरता येते. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा आरआरयूएफएफ हा संग्रह फुकट आहे. तिथून वर्णपट उतरवून घ्यायचे, आपल्या यंत्राच्या मर्यादेत कापायचे आणि चढवायचे. मात्र दोन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, तिथले पुष्कळ वर्णपट प्रयोगशाळेतल्या यंत्रावरचे आहेत, त्यांची पिकं सुईसारखी. आपल्या यंत्राची पिकं फुगीर. जुळणीचा गुण त्यामुळेच पडतो. आधी संदर्भ वर्णपट ८ ते १० वेव्हनंबरने पसरवून घेतला की गुण सुधारतो.

दोन, यंत्र कुठून बघायला सुरुवात करतं ते पाहा. लेझरचा स्वतःचा उजेड अडवणारी गाळणी असते, तिच्यामुळे अनेक यंत्रं २०० ते २५० च्या खाली आंधळी असतात. कॅल्साइटचं १५५ चं, गारगोटीचं १२८ चं पीक तिथे गेलंच. संदर्भात ते आहे आणि आपल्याकडे नाही, म्हणून गुण कापला जातो.

लेझरराव
वरच्या टोकालाही भिंत आहे, ती कुणी सांगितली नाही. ७८५ नॅनोमीटर म्हणजे १२७३९. त्यातून पाण्याच्या ओएच पट्ट्याचे ३६०० वजा केले की ९१३९ उरतात, म्हणजे १०९४ नॅनोमीटर. सिलिकॉनचा शोधक (उजेड टिपणारा भाग) तिथे आंधळा असतो. झिओलाइटमध्ये पाणी हीच तर मोठी खूण, आणि ७८५ च्या यंत्राला नेमकी तीच दिसत नाही. ५३२ च्या हिरव्या लेझरवर हाच पट्टा ६५८ नॅनोमीटरला येतो आणि आरामात दिसतो.

शिवाय विखुरलेला उजेड तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होतो. सारख्या ताकदीला ५३२ वर ७८५ च्या सुमारे ४.७ पट संकेत. झिओलाइट मुळात मरतुकडे विखुरणारे, त्यांना हा फरक जाणवतो. वाईट बाजू अशी की हिरव्या लेझरने माती, शेवाळ, डिंक, सगळं चमकायला लागतं. दगडफुलात किंवा शेवाळात कॅरोटिनॉइड असतील तर ११५७ आणि १५२० च्या आसपास दोन भालदार चोपदार उभे राहतात. ते दिसले की खनिज सोडा, ब्रश घ्या.

गारठलेलाकोळसा
मग सरळ १०६४ घ्यावं. चमक जवळपास संपते.

लेझरराव
@गारठलेलाकोळसा, संपते, पण त्यासोबत संकेतही ७८५ च्या तुलनेत सुमारे ३.४ पट घटतो. शिवाय त्या तरंगलांबीला सिलिकॉन चालत नाही, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा शोधक लागतो आणि त्याचा गोंगाट जास्त. काळ्या दगडावर तर १०६४ नमुना तापवतं आणि तापलेल्या दगडाचंच अवरक्त तेज पार्श्वभूमी म्हणून चढतं. औषधाच्या पुडीला ते यंत्र उत्तम. पांढऱ्या झिओलाइटसाठी ७८५ किंवा ५३२ बरं.

सुईदोरा
मूळ प्रश्नाकडे. पांढऱ्या खनिजांचा माझा तक्ता असा आहे. पाठ करण्यासारखाच आहे, कारण खाणीवर उन्हात पडदा वाचताना वही उघडायची सोय नसते.

गारगोटी ४६५. वाद नाही. शेजारी ५०१ ला छोटं पीक असेल तर मोगानाइट, म्हणजे तो कॅल्सेडनीचा थर.
कॅल्साइट १०८६, ७१२, २८२.
अ‍ॅरागोनाइट १०८५, पण ७१२ ऐवजी ७०५ च्या जवळ आणि २०६. फुगीर यंत्रावर ७०५ आणि ७१२ यांत फसायला होतं, २०६ दिसत असेल तर त्यावर जावं.
अपोफिलाइट १०६०, ६६४, ५८५. तीन दात, चुकायचं कारण नाही.
अ‍ॅनलसाइम ४८४.
नॅट्रोलाइट ५३४ आणि त्याची भावंडं (स्कोलेसाइट, मेसोलाइट) अगदी त्याला चिकटून.
स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट, दोघांचं मोठं पीक ४०० ते ४१० च्या दरम्यान.

म्हणजे पहिले पाच यंत्रावर सोडा. शेवटच्या दोन गटांत यंत्र कुटुंबाचं आडनाव सांगेल, पाळण्यातलं नाव सांगणार नाही.

मुरूम
आडनावावरून ओळखणं ही आपल्याकडे जुनीच पद्धत.

भिंगवाली
@सुईदोरा, तक्ता झकास. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटसाठी यंत्र लागतच नाही. स्टिल्बाइट पेंढीसारखं, मधे आवळून दोन्ही टोकांना फुललेलं. ह्यूलँडाइट शवपेटीच्या आकाराचं, तुटलेल्या पापुद्र्यावर मोत्यासारखी झाक. डोळ्यांनी होतं ते काम लाखो रुपयांच्या यंत्राला कशाला? खरी अडचण स्टेलेराइटची. त्याचा सांगाडा स्टिल्बाइटचाच, फरक सोडियम आणि कॅल्शियमच्या प्रमाणात. तो खाणीवर रामनने सुटत नाही, प्रयत्नही करू नये.

घाटमाथा
सुयांच्या गटाबद्दल थोडं सविस्तर. नॅट्रोलाइटमध्ये सोडियम आणि पाण्याचे दोन रेणू, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम आणि तीन रेणू, मेसोलाइटमध्ये दोन्ही धातू. सांगाडा एकच, म्हणून ५३४ च्या आसपास तिघंही एकाच ओसरीवर बसतात. ५३२ चं यंत्र असेल तर ३००० ते ३७०० चा पट्टा घ्या, पाण्याची मांडणी वेगळी असल्याने तिथे तिघांची चाल वेगळी दिसते. ७८५ वर तो मार्ग बंद.

काही जण म्हणतात, मग क्ष-किरण प्रतिदीप्तीचं (मूलद्रव्यं कुठली ते सांगणारं) हातातलं यंत्र लावा, सोडियम की कॅल्शियम ते कळेल. अर्धं खरं. त्या यंत्राला सोडियम दिसत नाही, इतका हलका अणू त्याच्या आवाक्याबाहेर. कॅल्शियम मात्र दिसतो. म्हणजे कॅल्शियम नाहीच असं आलं तर नॅट्रोलाइट. कॅल्शियम आलं तर स्कोलेसाइट की मेसोलाइट हे प्रमाणावर ठरतं, आणि सुयांच्या बुडाशी कॅल्साइटचा पातळ थर असला की ते प्रमाणही बिघडतं. म्हणून आधी रामनने १०८६ आहे का ते बघून घ्यायचं. दोन यंत्रं अशी एकमेकांना राखण असतात.

कातळवेडा
@घाटमाथा, हेच ऐकायचं होतं. बुडाशी कॅल्साइटवरून आठवलं, खोलीचा मुद्दा कुणी काढला नाही. खनिज पारदर्शक असलं की किरण आत शिरतो. हातातल्या यंत्राचा फोकस सूक्ष्मदर्शकासारखा पातळ नसतो. त्यामुळे अपोफिलाइटवर टोक टेकवलं तरी मागच्या कॅल्साइटचं १०८६ मिसळून येतं आणि यंत्र दोन नावांची खिचडी करतं. यावर उपाय?

लेझरराव
टोक मागे-पुढे करून पाहा. बहुतेक यंत्रांचा फोकस टोकाच्या पुढे काही मिलिमीटरवर असतो. पुढे रबरी किंवा धातूची टोपी असते, ती हे अंतर राखते. टोपी काढून टोक १ मिलिमीटर पुढे सरकवा, मग २. जे पीक पुढे सरकवताना वाढतं ते आतल्या खनिजाचं, जे घटतं ते वरच्याचं. हाताने स्थिर राहत नाही, छोटी तिपाई आणि वाळूची पिशवी लागतेच. शक्य असेल तर स्फटिक तिरका करून कडेवरून मारा, मागे दगड येणारच नाही असा.

आणि एकाच जागेवरून निकाल लावू नका. स्फटिकाची दिशा बदलली की पिकांची उंची बदलते, जागा बदलत नाही. कॅल्साइटचं २८२ एका बाजूने ठसठशीत, दुसऱ्या बाजूने पुसट. यंत्र उंचीसकट जुळवतं म्हणून गुण घसरतो. नमुना फिरवून निदान तीन वर्णपट घ्या, पिकांच्या जागा बघा, उंची विसरा.

पोकळीतला_पाहुणा
वाघोलीच्या निळ्या कॅव्हनसाइटवर हे यंत्र चालतं का? पेंटॅगोनाइट म्हणून जे विकतात ते खरंच तेच आहे का, हा प्रश्न नेहमीचाच.

भिंगवाली
चालतं, आणि हे रामनचं अगदी आवडतं उदाहरण. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, कॅल्शियम व्हॅनेडियम सिलिकेट, पाण्याचे चार रेणू. रचना वेगळी. त्यामुळे क्ष-किरण प्रतिदीप्तीचं यंत्र इथे मुकं. रामनमध्ये कॅव्हनसाइटचं मोठं पीक ९८१ ला, पेंटॅगोनाइटचं ९७१ ला. दहाचा फरक, म्हणजे तुमच्या यंत्राच्या विभेदनाइतकाच. पण इथे दोन पिकं शेजारी शेजारी सोडवायची नाहीत, एकाच पिकाचं शिखर कुठे आहे ते सांगायचंय. यंत्र त्याच दिवशी तपासून घेतलं असेल तर ते जमतं. तपासलं नसेल आणि लेझर ५ ने सरकलेला असेल, तर तुम्ही ९७६ बघत बसाल आणि नाणं उडवाल.

एक सावधगिरी. गडद रंगाचं खनिज उजेड शोषतं, तापतं. ताकद सगळ्यात खालून सुरू करा. दोन्ही खनिजांत पाणी आहे, महागडा नमुना भाजून ठेवू नका.

बारीकखडी
त्याच दिवशी तपासायचं म्हणजे काय? कंपनीला पाठवायचं?

सुईदोरा
@बारीकखडी, मेडिकलमधून पॅरासिटामॉलची गोळी घ्या. थट्टा नाही. पॅरासिटामॉल हे रामनच्या मान्य प्रमाण पदार्थांपैकी एक आहे. पिकं ३९१, ६५२, ८५८, ११६९, १२३७, १३२४, १६४८. साधी पांढरी गोळी, रंगीत लेप नसलेली. त्यात स्टार्च वगैरे असतं, पण ही पिकं स्पष्ट येतात. सकाळी खाणीवर पोचल्यावर एकदा, दुपारी एकदा, निघताना एकदा. ८५८ आणि १३२४ दोन्ही त्याच दिशेला सारखीच सरकली असतील तर लेझर हललाय, तेवढी वजाबाकी करा. दोघांचं सरकणं कमीजास्त असेल तर उजेड फोडणाऱ्या जाळीचा किंवा शोधकाचा ताळा बिघडलाय, तो खाणीवर सुधारत नाही. यंत्राबरोबर पॉलिस्टायरीनचा तुकडा आला असेल तर त्याचं १००१ हे पीकही उत्तम, आणि सिलिकॉनची चकती असेल तर ५२०.

मुरूम
म्हणजे ताप यंत्राला, गोळीही यंत्राला.

गारठलेलाकोळसा
ताप खरंच येतो. एप्रिल-मेमध्ये खाणीच्या तळाशी काळा दगड तापलेला असतो, यंत्राचं काळं खोकं उन्हात ठेवलं की आतलं तापमान झपाट्याने चढतं. शोधकाचा अंधारी प्रवाह (उजेड नसतानाही वाहणारा) वाढतो, वर्णपटावर कुसळं उगवतात. पांढऱ्या कापडाखाली ठेवायचं, आणि बर्फाच्या डब्यात अजिबात नाही, बाहेर काढल्यावर काचेवर दव धरतं.

घाटमाथा
ऊन म्हटल्यावर दुसरं: बाहेरचा उजेड. सूर्याच्या प्रकाशात ७८५ च्या पुढचा भाग भरपूर असतो. टोपी नीट टेकली नाही की वर्णपटावर सूर्यच चढतो. काळं जाड कापड डोक्यावरून घ्यायचं, जुन्या स्टुडिओतल्या फोटोवाल्यासारखं. तेही किरणाच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, काळं सुती कापड ३०० मिलिवॅटच्या केंद्रित किरणाने धुमसू शकतं. आणि लेझर बंद ठेवून तितक्याच वेळाचा एक वर्णपट घ्यावा. त्यात जे दिसेल ते खनिजाचं नाही, एवढं नक्की.

लेझरराव
सुरक्षेचं आलंच आहे तर स्पष्ट लिहितो. ही यंत्रं बहुधा ३बी वर्गाची. ७८५ चा किरण डोळ्याला मंद लालसर ठिपका वाटतो, म्हणून पापणी मिटत नाही, आणि नुकसान पूर्ण होतं. त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय बटण दाबू नका. अपोफिलाइटचा पापुद्रा आरशासारखा असतो, किरण सरळ शेजाऱ्याच्या डोळ्यात. समोरासमोर बसून बघायचं नाही.

आणि दगडखाणीत सुरुंगाचे न फुटलेले अवशेष, दारूची भुकटी पडलेली असू शकते. गडद भुकटीवर हा किरण टाकला तर ती पेटू शकते. "हे काळं काय आहे बघू" असं खाणीवर कधीच नाही.

वऱ्हाडीगोंडाइट
पांढऱ्याचं झालं, आमच्या नागपूर-बालाघाटकडच्या मँगनीजचं कुणी विचारत नाही भाऊ. कंद्री, मनसरकडे काळं सगळं सारखंच दिसतं. तिथे हे यंत्र म्हणजे डोकेदुखी. मँगनीजची ऑक्साइडं काळी, संकेत दुबळा, पट्टे रुंद, ५०० ते ६६० मधे एक ढेकूळ. ताकद वाढवली की किरणाखालीच खनिज बदलतं आणि तुम्ही बदललेल्याचा वर्णपट घेता. पण त्याच गोंडाइट (मँगनीज असलेल्या) दगडातला स्पेसार्टाइन गार्नेट ९०५ ला लख्ख येतो आणि गारगोटी ४६५ ला. म्हणजे धातुकाची वस्ती कुठल्या दगडात आहे ते यंत्राने समजतं, धातुक कुठलं ते नाही.

गोंयचोदगड
गोव्याच्या लोखंडालाही हाच शाप. गोएथाइटचं मोठं पीक ३८५ ला. ताकद चढवली की किरणाखाली त्यातलं पाणी जातं आणि २२५, २९२, ४११ दिसायला लागतात. ते हेमॅटाइट, आणि ते तुम्ही स्वतः भाजून तयार केलेलं. ताकद १० मिलिवॅटच्या खाली नेता येत नसेल तर लोखंडी खनिजावर हे यंत्र लावूच नये. ओळखायची खूण अशी: एकाच ठिकाणी पाठोपाठ पाच वर्णपट घ्या. पहिला आणि पाचवा वेगळे दिसले तर भाजतंय.

पोकळीतला_पाहुणा
बाजारातल्या भेसळीबद्दल? हिरव्या अपोफिलाइटचे गुच्छ डिंकाने चिकटवलेले असतात, ओकेनाइटचे कापसाचे गोळे गुलाबी-निळे रंगवलेले.

सुईदोरा
रंगवलेल्या ओकेनाइटवर ७८५ टाकलं तर बऱ्याचदा रंगाच्या चमकेखाली सगळा पडदा वर चढतो, खनिजाचं काही दिसत नाही. ते न दिसणं हाच इशारा, ओकेनाइट मुळात पांढरं असतं. डिंकासाठी सांध्यावर टोक ठेवा. इपॉक्सी असेल तर १६१० च्या जवळ पीक, झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट असेल तर २२५० च्या जवळ एकटं पीक. तिथे कुठलंच सिलिकेट बोलत नाही. तेल चोपडून चमकवलं असेल तर १४४० आणि २८५० ते २९३० ला कार्बन-हायड्रोजनचे पट्टे.

भिंगवाली
@सुईदोरा, यात एक भर. १२०० ते २००० मधे ७८५ वर जे रुंद ढेकळासारखे पट्टे दिसतात, ते कायम सेंद्रिय नसतात. कॅल्साइट, अ‍ॅपेटाइट, फ्ल्युओराइट यांत शिरलेली दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं ८६० ते ९३० नॅनोमीटरला चमकतात आणि ती चमक बरोबर इथेच पडते. लोक त्याला डिंक समजून व्यापाऱ्याशी भांडतात. दुसऱ्या लेझरने घेऊन बघा. रामनचं पीक वेव्हनंबरमध्ये जागचं हलत नाही, चमक मात्र नॅनोमीटरमध्ये जागची हलत नाही.

बारीकखडी
हे शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

गारठलेलाकोळसा
अवांतर: या सगळ्याचं मूळ २८ फेब्रुवारी १९२८ चं, कोलकात्याचं. तेव्हा लेझर नव्हता, पाऱ्याचा दिवा होता. आता तेच तंत्र परसिव्हिअरन्स गाडीवर मंगळावर आहे, ५३२ चं, दगडापासून काही मीटर लांबून. तिथे काळं कापड कोण धरतं देव जाणे.

लेझरराव
@गारठलेलाकोळसा, कापड लागत नाही. लेझर अखंड नाही, स्पंदांत येतो, आणि शोधकाचं दार नॅनोसेकंदांपुरतं उघडतं. तेवढ्यात सूर्याचा उजेड शिरतोच किती. हातातल्या साध्या यंत्रात ती सोय नसते.

कातळवेडा
पुन्हा मूळ मुद्द्याकडे येतो. नावावर शून्य हे माझं म्हणणं थोडं मागे घेतो. सुईदोराच्या तक्त्यातल्या पहिल्या पाचांवर नाव चालेल, यादी आपण भरली असेल तर. आता नेमका क्रम आणि वेळ कुणी सांगेल का? पांढरं, बिनरंगी, ओलं, चिखल लागलेलं.

सुईदोरा
ओल चालते, पाणी रामनमध्ये दुबळं. चिखल चालत नाही. मऊ ब्रश आणि साधं पाणी, आम्ल नाही. आम्लात नॅट्रोलाइट गटाची जेली होते. ताजी तुटलेली बाजू मिळाली तर तीच घ्या.

आधी १ सेकंदाचा चाचणी वर्णपट. पीक वरून सपाट कापल्यासारखं दिसलं तर शोधक भरलाय, वेळ कमी करा. पार्श्वभूमी डोंगरासारखी असेल तर किरण तिथेच एक-दोन मिनिटं चालू ठेवा. सेंद्रिय चमक असेल तर ती हळूहळू बसते, खनिजाची स्वतःची असेल तर बसत नाही. मग ५ सेकंदांचे १० वर्णपट. ५० सेकंदांचा एकच घेऊ नका. वैश्विक किरण शोधकावर आदळला की सुईसारखं खोटं पीक येतं, दहापैकी एकातच असेल तर ते ओळखता येतं, एकच मोठा घेतला तर गळ्यात पडतं.

यंत्राने आपोआप गुळगुळीत केलेला आणि पाया कापलेला (पार्श्वभूमी वजा केलेला) वर्णपट वेगळा ठेवा, कच्चा वेगळा. पाया कापताना सूत्र स्वतःच उंचवटे बनवतं, ४०० ते ५०० मधे तर झिओलाइटच्याच जागी. नमुन्याचा क्रमांक, जागा, कुठल्या बाजूवर मारलं त्याचा फोटो, ताकद, वेळ.

घाटमाथा
यात लॉमोंटाइटसाठी घाई करा एवढं घाला. हवेत पाणी सोडून ते भुकटी होतं, किरणाने आणखी लवकर. पोकळीतून काढल्या काढल्या वर्णपट घ्यावा आणि मग ओल्या कापडात गुंडाळावं.

वऱ्हाडीगोंडाइट
ते दहा वर्णपट होईपर्यंत चहा येतो, तेवढा फायदा.

बारीकखडी
पॅरासिटामॉलची गोळी पावसाळ्यात बाहेर ठेवून मऊ पडली तर पिकं सरकतात का?

सुईदोरा
नाही. ओलीने गोळी फुगते, तडकते, पण पॅरासिटामॉलचा स्फटिक तोच राहतो. फक्त पाकिटातून न काढता मोजू नका. वरच्या प्लॅस्टिकमधून मारलं तर त्याची पिकं मिसळतात, आणि मागून अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर मारलं तर किरण तुमच्याकडेच परत येईल.